राणीच्या नाण्यावर नवऱ्याचे ढोल

मॉस्कोत नोकरीला असताना माझे बहुतेक रविवार इझ्माइलोवोच्या जुन्या बाजारात जायचे. परदेशी गिऱ्हाईक दिसलं की तिथले नाणेवाले एखादं वेडंवाकडं तांब्याचं नाणं पुढं सारतात आणि म्हणतात, ‘ब्राक!’ म्हणजे टांकसाळीतच बिघडलेला माल, म्हणून भाव जास्त. त्यातली बरीचशी नाणी टांकसाळीतून धडधाकटच निघालेली असतात. पुढं कुणी तरी हातोडीनं ठोकलेली, नाही तर नांगराखाली आलेली.

माझा जीव जडला तो कॅथरिन दुसरीच्या पाच कोपेकवर. एका पूद तांब्यातून, म्हणजे साधारण १६.४ किलोतून, १६ रुबलची नाणी पाडायची असा तेव्हाचा हिशेब. त्यामुळे एकेक नाणं ५१ ग्रॅमच्या आसपास भरतं. असंच एक हाती आलं. राणीच्या आद्याक्षराभोवतीच्या माळेतून झेंड्याची काठी आणि ढोलाची कड डोकावत होती. विक्रेत्याच्या मते ठसा चुकून दोनदा बसलेला. पण दोनदा ठोका बसला तर तेच चित्र सरकून पुन्हा उमटतं. इथं चित्रंच दोन होती. हे सरकारी काम. १७६२ मध्ये तिसऱ्या पीटरनं जुन्या पाच कोपेकवर ढोल-झेंडे छापून त्याच तांब्याची किंमत दहा कोपेक केली. सहा महिन्यांत बायकोनं, म्हणजे याच कॅथरिननं, त्याला गादीवरून खाली खेचलं आणि ती नाणी परत पाचाची करून घेतली. नवऱ्याचे ढोल मात्र पुरते बुजले नाहीत. असं नाणं मला कुठल्याही चुकीपेक्षा मोलाचं वाटतं, बाजार काही म्हणो.

खऱ्या चुकांत देखणी ती तिथले संग्राहक ‘झालिपूखा’ म्हणतात ती. छापलेलं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावरच दाबली जाते. मग एका बाजूला उठावाचा गरुड आणि दुसऱ्या बाजूला तोच गरुड, खोलगट नि उलटा. नकली बनवणारे दोन नाणी व्हाइसमध्ये आवळतात. तिरक्या उजेडात भिंग धरलं की कारागिरी उघडी पडते: उठावाचे पंख चेपलेले असतात आणि खोलगट गरुडाखाली मूळच्या आद्याक्षराचे अवशेष दिसतात. अस्सल नाण्यात तिथं दुसरं चित्र असूच शकत नाही, कारण त्या बाजूला ठसा कधी भिडलेलाच नसतो. कड तुटक्या नाण्यांचंही तसंच. अक्षर कडेपाशी ओढलं गेलेलं असेल तर चकतीच तुटकी होती, सरळ कापलं गेलं असेल तर करवत नंतरची.

एका पाच कोपेकच्या गरुडावरचा मुकुट मात्र ‘चुकीचा कोरलेला’ होता. तारीख १७८७ ची, मुकुट स्वीडिश घडणीचा. रशियाशी लढाई सुरू झाल्यावर स्वीडननं आवेस्ताच्या टांकसाळीत रशियाची खोटी नाणी पाडली होती, त्यातलं ते. विक्रेत्यानं चुकीचे म्हणून थोडे रुबल वाढवून सांगितले. मी घासाघीस न करता मोजून दिले.