हवा निंगते कोनीकडून?

इंजिनिअर बाई आहे की पुरुष, कोणत्या समाजाचा, कोणत्या गावचा, यानं यंत्राला काय फरक पडतो, असं माझं ठाम मत होतं. पूल भार पेलतो किंवा पेलत नाही, एवढाच हिशेब. 1974 साली टाटांच्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं वाचून तरुण इंजिनिअर सुधा कुलकर्णी यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुढे पुण्यात त्या रुजू झाल्या. ही गोष्ट मला तेव्हाही आवडायची, पण न्यायाची गोष्ट म्हणून. संधी सगळ्यांना मिळालीच पाहिजे. त्यानं इंजिनिअरिंग सुधारतं, हे मात्र भाषणातलं वाक्य वाटायचं. आज तसं वाटत नाही. हे मत बदललं नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरात, मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या आणि खुडायच्या मोकळ्या जागेवर.

आमच्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. हंगामात सातऱ्यांवर लाल ढीग पसरलेले असतात आणि बाया ओळीनं बसून देठ खुडत असतात. नाकातोंडाला पदर गुंडाळलेला, बोटांची आग होत असलेली, मजुरी किलोवर. अवकाळी पाऊस हल्ली कधी येईल सांगता येत नाही. भिजला की माल काळा पडतो, बुरशी धरतो. म्हणून काही तरुण इंजिनिअर सौर वाळवणी यंत्राचा आराखडा घेऊन आले होते. मीही तो पाहिला. ताज्या मिरचीत 70-80 टक्के पाणी, ते 10 टक्क्यांच्या आसपास आणायचं, रंग उडू नये म्हणून तापमान आवरायचं. पंख्याचा वेग, ताटल्यांमधलं अंतर, सगळं चोख होतं. मला एकही चूक दिसली नाही.

खुडणीवरची एक बाई उठून आली. कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "हवा निंगते कोनीकडून, भाऊ? आमी बसतो तिकडूनच का?"

तिकडूनच निघत होती. मिरचीचा सगळा ठसका घेऊन, बसलेल्या बाईच्या तोंडासमोर. मग तिनं दुसरं विचारलं, वरच्या ताटलीपर्यंत हात कसा पोचायचा? आराखड्यातला माणूस उभा होता आणि चांगला उंच होता. ती मिरची कानाशी धरून हलवते, आत बी वाजलं की वाळली समजते. त्यासाठी यंत्रात मधेच हात घालायला दार हवं, हेही तिनंच सांगितलं.

कुणी म्हणेल, मग बायांना विचारा, त्यांनी इंजिनिअर व्हायची गरज काय? मीही आधी हेच म्हणालो असतो. पण त्या तरुणांनी विचारलं होतंच. छापील प्रश्नावली भरून घेतली होती. त्यात हवेच्या तोंडाचा प्रश्न नव्हता, कारण तो सुचण्यासाठी त्या जागी बसलेलं असावं लागतं. लेकराला मांडीवर घेऊन देठ खुडणाऱ्या बाईच्या घरातली मुलगी आराखडा काढणाऱ्यांच्या टेबलावर असती, तर तो प्रश्न पहिल्याच दिवशी आला असता.

तेव्हापासून मी जुनी उदाहरणं नव्यानं पाहतो. 1980च्या दशकापासून देशभर सुधारित चुली वाटल्या गेल्या, कोट्यवधी. त्यातल्या कितीतरी अडगळीत गेल्या. निगा राखली गेली नाही हे एक कारण. पण जिथं भाकरी नीट भाजता येत नाही, लाकूड बारीक तोडून द्यावं लागतं, अशी चूल घरची बाई का ठेवेल? घरातल्या धुरानं जगात आजही दरवर्षी तीसेक लाख माणसं दगावतात. धूर कमी करायचं शास्त्र तेव्हाही ठाऊक होतं.

आणि पलीकडे भंडारा-गोंदियात मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहेत, कोहळी समाजानं बांधलेले. मालगुजारी गेल्यावर ते सरकारकडे आले आणि तलाव म्हणजे पाळ, साठा आणि गाळ असा हिशेब सुरू झाला. तिथं मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचा हिशेब वेगळा. पाण्याखाली कोणती वनस्पती आहे यावर कोणता मासा राहील ते ठरतं, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं हे ज्ञान कामाला लावलं. ढिवर बायांनी बेशरम हे तण उपटलं, पाणवनस्पती लावल्या, आणि देशी मासे परतू लागले. गाळ उपसला की तलाव सुधारला, एवढंच जे धरून चालतात, त्यांनी हे एकदा पाहून यावं. मी तरी याला पाण्याचं इंजिनिअरिंगच म्हणतो, कुणाच्या हातात पदवी असो नसो.

आमच्या तालुक्यात गोसेखुर्द धरणाच्या पाण्यावर मोखाबर्डीची उपसा योजना आहे. पंप, नळ, वीज, सगळं मोजता येतं. शेवटच्या वावरापर्यंत पाणी कधी पोचतं आणि रात्री दारं धरायला कोण जातं, हे मात्र वावरवाल्यालाच माहीत. म्हणून नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना माझं मागणं आहे: सातऱ्यावरच्या, वावरातल्या, तलावाकाठच्या घरांतली पोरं-पोरी प्रवेशापुरती घेऊ नका. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्यांना त्यांच्याच गावचा करू द्या, आणि तो तपासायला त्या कामावरच्या बायांना बोलवा. बोलावलं तर दिवसाची मजुरीही द्या. खुडणी सोडून त्या फुकट येणार नाहीत, आणि यायलाही नको.