निवतीच्या वाटेवर

देवबागला दोन पर्याय होते: कर्लीच्या खाडीतली संथ फेरी, नाहीतर मुखातून बाहेर पडून उघड्या समुद्रात निवतीच्या खडकांकडे. मला बोट लागते. तरी मी दुसरी फेरी निवडली. डॉल्फिन हे सांगण्यापुरतं कारण. मला एकदा तरी दोन्ही बाजूंना माड नसलेलं पाणी बघायचं होतं.

वेळ सकाळची घेतली. दुपारी खारं वारं सुटलं की समुद्र उसळतो. निघण्याआधी तासभर डॉक्टरांनी दिलेली गोळी, हलकी न्याहारी, पर्समध्ये आलेपाक. जागा बोटीच्या मधोमध, कारण नाळेवर हेलकावे फार.

संगम ओलांडला आणि पोटात ढवळायला लागलं. कानाच्या आतला तोल सांगतो, तू हलते आहेस. डोळ्यांना समोरची फळी स्थिर दिसते. त्या दोघांचं जमत नाही आणि जीव कासावीस होतो. तांडेलाने क्षितिजाकडे हात केला. "काकी, खाली बघू नकात. थंय बघा."

मी बघत राहिले. ओठांवर खारट तुषार, समोर ती एकच न हलणारी रेघ. मळमळ पुरती गेली नाही, भीती मात्र ओसरली. मुंबईहून कोकणबोटीने मालवणला येताना आई तोंडावर पदर घेऊन, डोळे मिटून बसायची म्हणे. वाटेतला किनारा तिने कधी पाहिला असेल का? विचारायचं राहून गेलं.

परतताना तांडेलाला विचारलं, फेऱ्या कधीपर्यंत असतात? पावसाच्या तोंडावर बंद होतात, म्हणाला. त्याआधी धाकट्या बहिणीला आणायचं आहे. तिलाही बोट लागते.