यंत्र आणि तंत्र

‘यंत्र’ हा शब्द ‘यम्’ म्हणजे आवरणें ह्या धातूपासून झाला आहे, व ‘तंत्र’ हा ‘तन्’ म्हणजे ताणणें, विस्तारणें ह्या धातूपासून. तंत्र म्हणजे मुळांत विणकराचा ताणा. वर्गांत हे दोन धातु मीं कित्येक वर्षें शिकविले. परंतु त्यांतील अंतर मनावर खरें ठसलें तें मेक्सिको देशांतील एका बाईंचा वृत्तांत वाचतांना.

त्यांचें नांव सोचित्ल गाल्वेस. १९६३ सालीं इदाल्गो प्रांतांतील तेपातेपेक गांवीं त्यांचा जन्म झाला. वडील ओतोमी ह्या तेथील मूळच्या जमातीचे. बालपणीं गोड पदार्थ विकून त्यांनीं घरास हातभार लाविला. पुढें राजधानींतील राष्ट्रीय विद्यापीठांत संगणक-अभियांत्रिकीचें शिक्षण घेतलें, व १९९२ सालीं स्वतःची कंपनी काढली. मोठ्या इमारतींतील वीज, हवा, सुरक्षा ह्यांचें नियमन यंत्रांकडून करविणें हा तिचा व्यवसाय. हें सर्व ‘यम्’ धातूचें काम. तेथें तार बरोबर जोडली कीं दिवा लागतो; तो रुसत नाहीं.

२००० सालीं राष्ट्राध्यक्ष विसेन्ते फॉक्स ह्यांनीं मूळच्या जमातींच्या हिताचें काम त्यांजकडे सोंपविलें, आणि दुसरा धातु सुरू झाला. २०१० सालीं त्या आपल्या प्रांताच्या गव्हर्नरपदासाठीं उभ्या राहिल्या व पडल्या. २०१५ सालीं राजधानीच्या एका विभागाच्या प्रमुख झाल्या. २०१८ सालीं सेनेटांत गेल्या. जून २०२३ मध्यें, अध्यक्षांच्या विधानास उत्तर देण्याची मुभा देणारा न्यायालयाचा हुकूम घेऊन त्या राजवाड्याच्या दारीं गेल्या. दार उघडलें नाहीं. त्या बंद दारामुळेंच त्यांचें नांव देशभर झालें, व तीन विरोधी पक्षांनीं त्यांस अध्यक्षपदासाठीं उभें केलें. त्यांपैकीं दोन पक्ष तर अनेक दशकें एकमेकांचे प्रतिस्पर्धी! असे सूत एका मागावर बसविणें सोपें नव्हे.

२ जून २०२४ रोजीं मतदान झालें. क्लाउदिया शेनबाउम ह्यांस शेंकडा सुमारें ६०, तर गाल्वेसबाईंस सुमारें २७ मतें पडलीं. विजयी बाईहि ऊर्जा-अभियांत्रिकींतील डॉक्टर. ज्या देशांत स्त्रियांस राष्ट्रीय मतदानाचा हक्क १९५३ सालीं मिळाला, तेथें हा मुख्य सामना दोन स्त्रियांत झाला. सत्तेनें आपलें वजन खर्चिल्याची तक्रार गाल्वेसबाईंनीं सोडली नाहीं. तथापि त्याच रात्रीं प्रतिस्पर्धिनीस दूरध्वनि करून पराभव मान्य केला.

हें सारें येथें लिहिण्यास घरगुती कारण आहे. माझी पुतणी विद्युत्-अभियंता; तिचा लहानसा कारखाना आहे. यंदा नगरपालिकेस उभें राहण्याचें तिनें ठरविलें आहे. “तूं मास्तर, तूंच तिला समजाव,” असें वडीलबंधूंचें मला पत्र आलें. ‘आपल्या घरांत हें कोणीं केलें नाहीं’ हा त्यांचा मुख्य मुद्दा. वाचकहो, कारखाना काढणें तरी आपल्या घरांत पूर्वीं कोणीं केलें होतें? त्या वेळीं मात्र पेढे वाटले गेले.

तिला परावृत्त करण्याचें मला कारण दिसत नाहीं. मात्र दोन गोष्टी मीं तिला सांगितल्या. पहिली ही कीं, मनुष्य म्हणजे तार नव्हे. हिशेब बरोबर असूनहि मत विरुद्ध पडतें, आणि त्यांत मतदाराचा अपराध नसतो. दुसरी ही कीं, मापकाचा कांटा आपल्याविरुद्ध फिरला तरी जो आंकडा दिसेल तोच वहींत लिहावयाचा, ही तुमच्या विद्येची शिस्त राजकारणांत दुर्मिळ आहे. ती घेऊन जा.

बंधूंस मीं उत्तर धाडलें आहे: “ती पडली तर कारखाना आहेच. निवडून आली तर आपल्या आळीचें गटार कां तुंबतें हें जाणणारें एक तरी माणूस सभेंत बसेल.”

त्यांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.