अब्बांच्या मोज्यांची कड

विणकामाच्या पुस्तकांत टाके घालण्यावर पानेच्या पाने असतात, नक्ष्यांवर त्याहून जास्त, पण टाके बंद करण्यावर जेमतेम दोन ओळी. दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून काढायचा आणि असेच शेवटपर्यंत जायचे. मफलरला किंवा शालीला तेवढे पुरते. ज्या वस्तूत डोके, हात किंवा पाय घालायचा असतो तिथे मात्र ही शेवटची ओळच आडवी येते. स्वेटरचा गळा मुलाच्या कानांपाशी अडकतो, मूल रडते आणि महिनाभर खपून विणलेला स्वेटर एकदा घालून ट्रंकेत जातो. असे एक-दोन स्वेटर बहुतेक घरांत निघतील.

आम्हा दोघी जावांना या ओळीचा नीट विचार करावा लागला तो आमच्या सासऱ्यांमुळे. अब्बांना बावीस वर्षांपासून साखरेचा आजार आहे. पावलांची जाणीव कमी झाली आहे, खडा टोचला तरी कळत नाही. मागच्या थंडीत बाजारच्या मोज्याच्या इलास्टिकचा वळ पायावर उठला. तो दुखला नाही, म्हणून दोन दिवस कुणाच्या लक्षात आला नाही, आणि तिथे झालेली जखम भरायला अडीच महिने लागले. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. रोज रात्री पाय उजेडात धरून पाहायचे, आणि पायाला आवळेल असे काहीही घालायचे नाही. यातली दुसरी गोष्ट अब्बांनी अशी पाळली की मोजे घालणेच सोडून दिले. आम्ही राहतो पाचगणीला. इथली जानेवारीची फजर आणि तेव्हाची फरशी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना जास्त सांगायला नको. पायाला गारठा जाणवत नाही, याचा अर्थ तो बाधत नाही असा होत नाही.

साखरेच्या रुग्णांसाठी मिळतात ते सैल मोजे पुण्याहून मागवले. ते आवळत नव्हते हे खरे, पण पातळ होते आणि चार पावलांत टाचेखाली गोळा व्हायचे. अब्बा म्हणाले, "बेटी, हे मोजे नाहीत, पिशव्या आहेत." तेव्हा ठरले की लोकरीचे मोजे घरीच विणायचे.

यात आणखी एक अडचण होती, ती बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येणार नाही. मोजा म्हणजे सकाळी घातला आणि रात्री काढला, असे आमच्याकडे नसते. चामड्याच्या मोज्यांवर मसह करता येतो, पण विणलेल्या मोज्यांवर अब्बा करत नाहीत. हनफी घरात वाढलेला माणूस, तो पाय धुणारच. वजू झाला की बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, ही डॉक्टरांची सूचना, आणि मग पुन्हा मोजे चढवायचे. असे दिवसातून चार-पाच वेळा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला दर वेळी कुणाला हाक मारायला लागू नये, मोजा स्वतःच्या हाताने सहज वर यावा, हे आम्हाला हवे होते.

मापे घेतली तेव्हा गोष्ट आकड्यांत कळली. घोट्याच्या वरचा घेर सकाळी साडेनऊ इंच, संध्याकाळी सुजेने साडेदहा. पण मोजा चढवताना कड जाते ती टाचेवरून, आणि टाच व पावलाचा उंचवटा यांच्याभोवती तिरकी टेप लावली तर घेर भरतो साडेतेरा इंच. म्हणजे कडेने साडेतेरा इंचांपर्यंत उघडायचे, टाच ओलांडली की मिटून पायाला टेकायचे, आणि टेकल्यावर आवळायचे मात्र नाही.

आमच्या सासूबाई, अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो, मोजा वरून खाली विणत. तसा विणला की कड सुरुवातीलाच होते. दोन सुया एकत्र धरून सैल टाके घातले की काम भागते. पण सुजणाऱ्या पायाला मोजा पंजापासून वर विणलेला बरा, कारण तो सुयांसकट पायात घालून पाहता येतो आणि जिथे दाटेल तिथे टाके वाढवता येतात. ही रीत काही नवी नाही. इजिप्तमध्ये मुस्लिम राजवटीच्या काळातले जे निळे-पांढरे सुती मोजे सापडले आहेत ते असेच पंजाकडून वर विणलेले आहेत. सुयांवरच्या विणकामाचे आज हाती असलेले सर्वांत जुने नमुने तिथलेच मानले जातात. आणि स्पेनमध्ये बुर्गोस शहराजवळच्या लास उएल्गास मठात, १२७५ साली वारलेल्या फर्नांदो दे ला सेर्दा या ख्रिस्ती राजपुत्राच्या कबरीत, विणलेली रेशमी उशी मिळाली. तिच्या काठावर कूफी वळणात 'बरकत' हा अरबी शब्द विणलेला आहे. ती मुस्लिम कारागिरांच्या हातची मानतात. विणकाम ही साहेबांच्या मडमांनी आणलेली कला, एवढेच आपण ऐकलेले असते, म्हणून हे सांगावेसे वाटले.

तर पंजाकडून वर विणायचे म्हणजे ताणाचा सगळा प्रश्न शेवटच्या ओळीवर आला. अब्बांच्या मोज्याला आम्ही ६४ टाके धरले होते, वरचा भाग दोन सुलट दोन उलट. या विणीत सुलट टाक्यांच्या उभ्या रांगा पुढे येतात, उलट टाक्यांच्या मागे सरतात. कापड हार्मोनियमच्या भात्यासारखे घडी घालून बसते आणि ओढले की उलगडते. पण टाके साध्या पद्धतीने बंद केले की वर एक आडवी साखळी तयार होते. तिच्यातली प्रत्येक कडी शेजारच्या कडीत ओवलेली, फाजील धागा कुठेच नाही. भाता कितीही मोठा असो, तोंडाला दोरी बांधली तर तो दोरीएवढाच उघडणार.

हे मोज्यावर करून पाहण्याऐवजी आम्ही ६४ टाक्यांची दोन इंच उंचीची नुसती बांगडी विणली आणि तिच्यावर एकेक पद्धत लावून, टेप लावून, पुन्हा उसवली. साधी साखळी साडेदहा इंचांवर थांबली. तीच जाड सुईने घातली तर बारापर्यंत गेली, पण कडेचे फासे ओघळल्यासारखे दिसू लागले. मग शिवून बंद करण्याची पद्धत घेतली. ही एलिझाबेथ झिमरमन या इंग्लंडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत नाव झालेल्या विणकाम शिक्षिकेच्या नावाने ओळखली जाते. धागा तोडून मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवायचा, सुई दोन टाक्यांतून पुढे न्यायची, पहिल्यातून परत आणायची आणि तो टाका सोडायचा. कड सुंदर आली, तेरा इंचांच्या वर गेली. पण हातभर धागा दर टाक्याला ओढावा लागतो, त्याला गाठी बसतात, आणि आमची लोकर पिंजून निघाली. थोड्या टाक्यांना ठीक आहे. रोजच्या वापराच्या चार जोड्या विणायच्या असतील तर आमचे मत नाही.

उत्तर आले नणंदेकडून. ती इंग्लंडात असते आणि तिथल्या बायकांबरोबर विणायला बसते. फोनवर तिने हात दाखवले. ही पद्धत जेनी स्टेमन या बाईंची, २००९ साली निटी नावाच्या विणकामाच्या नियतकालिकात आली. तिचे इंग्रजी नाव 'जेनीज सरप्राइझिंगली स्ट्रेची बाइंड-ऑफ', म्हणजे जेनीची, नवल वाटावे इतकी ताणणारी. नाव ऐकून आम्ही हसलो, टेप लावल्यावर हसायचे थांबलो.

युक्ती एवढीच, की प्रत्येक टाका विणण्याआधी उजव्या सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यायचा. पुढचा टाका सुलट असेल तर धागा मागून सुईवरून आपल्याकडे आणायचा आणि सुईखालून परत मागे न्यायचा. मग टाका सुलट विणायचा आणि वेढा त्या टाक्यावरून उचलून सोडायचा. टाका उलट असेल तर वेढा उलट दिशेचा. धागा पुढे असतो, तो सुईवरून मागे आणि सुईखालून परत पुढे आणायचा, टाका उलट विणायचा, वेढा त्यावरून काढायचा. प्रत्येक टाक्याच्या गळ्याशी धाग्याची एक सैल पट्टी बसते. असे दोन टाके उजव्या सुईवर झाले की नेहमीप्रमाणे पहिला दुसऱ्यावरून काढायचा. साखळी तीच, पण आता दर कडीपाशी थोडा धागा राखीव आहे. ओढले की तो सरकतो, सोडले की परत जातो.

सुलटचा वेढा हाताला परका लागतो. जाळीची वीण विणताना आपण धागा पुढून मागे टाकतो, ती सवय बोटांत मुरलेली असते. नणंद फोनवरून दर टाक्याला म्हणायची, "भाबी, मागून. मागून पुढे." आमच्यातल्या धाकटीने मग मनातल्या मनात 'सुलट मागून, उलट पुढून' असा ठेका धरला आणि दुसऱ्या संध्याकाळी इशाच्या आधी दोघींचे हात बसले. बांगडीला टेप लावली. चौदा इंच! आणि सोडल्यावर पुन्हा आठ.

या पद्धतीच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. धागा बराच लागतो. ६४ टाक्यांसाठी दोन मीटर तरी गुंड्यात शिल्लक ठेवावा, नाहीतर तीन टाके उरलेले असताना हात थांबतो. आणि मोजा पायात नसताना कड थोडी फुललेली दिसते. पहिला मोजा हातात घेऊन अब्बांनी विचारले, "ही फ्रॉकची झालर कुणासाठी?" पायात गेल्यावर झालर राहिली नाही. साध्या सपाट विणीवर ही पद्धत वापरू नये, तिथे कड लाटेसारखी उठते. ती आहे सुलट-उलटच्या पट्ट्यांसाठीच.

लोकरीबद्दलही एक शब्द. नुसत्या अ‍ॅक्रिलिकच्या धाग्याला स्वतःची ओढ कमी, एकदा ताणला की आळसावतो. आम्ही लोकरीत थोडे नायलॉन असलेला धागा घेतला. महाग पडला, पण टाच टिकते.

पहिल्या दिवशी अब्बांनी फजरला मोजे घातले ते इशानंतर काढले, मधल्या वजूंचे काढणे-घालणे सोडून. हाक एकदाही आली नाही. रात्री नेहमीप्रमाणे पाय उजेडात धरले. विणीच्या उभ्या रेघा नडगीवर फिकट उमटल्या होत्या आणि आम्ही बोलत होतो तेवढ्या वेळात विरून गेल्या. आडवी रेघ, जिची आम्हाला धास्ती होती, ती नव्हती. थोरलीने बोट फिरवून पुन्हा पाहिले. नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती.

आता दुसरी जोडी सुईवर आहे. रंग अब्बांनीच निवडला, गडद तपकिरी, आणि मोजा वितीभर आणखी उंच हवा असे सांगितले आहे. उंच म्हणजे पोटरीचा घेर आला, म्हणजे टाके वाढवावे लागणार. उद्या सकाळ-संध्याकाळ पुन्हा टेप लावायची आहे.