सोळा पायऱ्या, एक दिवा

आमच्या सावेडीच्या घराला सोळा पायऱ्यांचा जिना आहे आणि त्या जिन्यावर एकच दिवा. घर बांधलं 1996 साली. तेव्हापासून या दिव्याला दोन बटणं. एक खाली दाराजवळ, एक वर बेडरूमच्या बाहेर. खाली लावा, वर जाऊन बंद करा. वर लावा, खाली येऊन बंद करा. लहानपणी आम्हा भावंडांचा हा फेव्हरिट खेळ होता. एक जण वर, एक खाली आणि मध्ये दिवा वेडापिसा! मग बाबांचा आवाज यायचा, 'बिल काय तुमचा मामा भरणारे?'

तर अशा या सरळमार्गी दिव्याला मागच्या दिवाळीत मी स्मार्ट केलं. आणि आईचा हात मोडला.

थांबा, नीट सांगतो.

मी पुण्यात, आयटीत. शुक्रवारी संध्याकाळी वाघोलीला एसटी पकडायची आणि शिरूर, सुपा करत नगर गाठायचं. (2024 साली नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडी अजून नगरच आहे.) घरापासून सव्वाशे किलोमीटरवर राहणाऱ्या मुलांना एक किडा कायम चावत असतो. आईबाबांसाठी आपण काहीच करत नाही! मग आपण काय करतो? वस्तू नेतो. बीपी मोजायचं मशीन, एअर फ्रायर आणि फारच प्रेम उतू गेलं तर वाय-फायवर चालणारा डिमर. तुमच्याही घरी असं काहीतरी खोक्यात पडून असेलच की!

डिमरचं मला जुनं वेड. कॉलेजात असताना एकांकिकांची प्रकाशयोजना मी करायचो. माउली सभागृहात अंधारात बसून बोटाच्या टोकानं पहाट उगवायची, हा आपला फंडा. नाटकवाल्यांकडे डिमर फार आधीपासून होते, पण ते अवाढव्य आणि तापणारे, कारण जास्तीची वीज ते नुसती उष्णतेत उडवायचे. भिंतीतल्या बटणाच्या डबीत मावेल असा डिमर 1959 साली न्यूयॉर्कमध्ये जोएल स्पिरा नावाच्या माणसानं केला. तो वीज अडवून धरत नाही, कापतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. तिच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा तुकडा, म्हणजे सेकंदाला 100 वेळा, डिमर कापून टाकतो. डोळ्याला ते काप दिसत नाहीत, प्रकाश तेवढा मऊ झालेला दिसतो. सॉलिड आयडिया आहे की नाही?

आईला रात्री झगझगीत दिवा सोसत नाही. म्हटलं, जिन्यावर मस्त मंद उजेड ठेवू. मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून पाहिला, खालचं जुनं बटण काढलं. त्यातून निघाल्या तीन वायरी. डिमरला दिव्याकडे जाणारं टोक मात्र एकच. दोन वायरींपैकी एक जोडली, दुसरीला टेप गुंडाळली. त्याच बोर्डात प्लग असल्यामुळे न्यूट्रलही हाताशी होता. डिमरला आणखी एक रिकामं टोक होतं, त्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. मेन चालू केला. दिवा लागला! पण थरथरत होता आणि बारीक गुणगुणतही होता. बल्बचं खोकं पाहिलं तर त्यावर स्वच्छ लिहिलेलं, 'नॉन-डिमेबल'. डिमेबल बल्ब आणला, थरथर थांबली. ॲपमध्ये वेळापत्रक टाकलं, संध्याकाळी सातला चालू, रात्री अकराला बंद. बाबांच्या मोबाईलवरही ॲप टाकून दिलं. आई म्हणाली, 'छान आहे रे, पण मला आपलं बटणच बरं.' मी हसलो. आणि सोमवारी पुण्याला.

आठवड्याभरात बाबांचा फोन. 'अरे, मोबाईल म्हणतो दिवा चालू आहे आणि इथे तर अंधार.' मी मीटिंगमध्ये होतो. सगळ्या आयटीवाल्यांकडे असतं तेच रामबाण उत्तर दिलं, 'बाबा, एकदा बंद करून चालू करा.' त्यांनी वरचं बटण दाबलं, दिवा लागला. विषय संपला, असं मला वाटलं.

त्यानंतर दोन दिवसांनी पहाटे पाणी येणार होतं. नगरकरांना वेगळं सांगायला नको, पाणी आलं की माणसानं उठायचंच. पाचच्या सुमाराला आई उठली आणि सवयीनं वरचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. नाही. तिला वाटलं, लाइट गेली. आमच्याकडे हे वाटायला फार विचार करावा लागत नाही. भारनियमनाच्या वर्षांत आम्ही सगळेच हा जिना मोजत उतरायला शिकलो होतो. आईही मोजत निघाली. नळ जाईल म्हणून घाईत. पंधरा मोजल्या आणि सोळा झाल्या असं समजून पाय टाकला. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

लाइट गेलेली नव्हतीच. रात्री अकराला माझ्या वेळापत्रकानं दिवा बंद केला होता आणि वरच्या बटणाच्या हातात आता तो लावणं उरलं नव्हतं. हे मला शनिवारी कळलं. सांगितलं ते आमच्या वायरमनकाकांनी. घराचं सगळं फिटिंग 1996 साली त्यांनीच केलेलं. त्यांनी माझी टेप सोडवली, दुसरी वायर बोटात धरली आणि विचारलं, 'ही का बुजवली रे?'

मी म्हटलं, 'जादा होती.'

'जादा? अरे, हिच्यावर तर जिना चालतो.' मग ते पायरीवर बसले. काका मूळचे राहुरीकडचे, पाटाखालच्या शेतातले. त्यांनी शेतावरून समजावलं. 'फेज म्हणजे पाट धर. पाटाला दोन चाऱ्या. खालचं बटण पाणी या चारीत सोडतं नाहीतर त्या चारीत. वरचं बटण दोन्हींपैकी एका चारीतून घेतं. दोघांची चारी एक झाली की पाणी शेतात, म्हणजे दिवा लागला. वेगळी झाली की विझला. म्हणून कुणीही, कुठूनही, एकदा बटण फिरवलं की दिवा बदलतोच. तू काय केलंस? एक चारी बुजवली आणि दुसरीच्या तोंडाशी मोबाईलवाला पाटकरी बसवला. तो झोपला, की वर वहिनींनी किती का दारं फिरवेनात, पाणी येणार कुठून?'

बाबांचा फोनही आता उलगडला. कुणीतरी वरचं बटण बुजवलेल्या चारीकडे फिरवलं होतं. खाली डिमर जागा होता, ॲप चालू दाखवत होतं आणि दिव्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. आणि मी मीटिंगमध्ये!

'आयटीआयला हे जिना वायरिंग करून घेतात,' काका म्हणाले. 'गोदाम वायरिंग पण. गोदामात पुढे चाललास की पुढचा दिवा लागतो, मागचा विझतो. माणूस कुठून कुठे जाणार, ते आधी बघायचं. वायर मग.'

मी विचारलं, डिमर काढायचा का? मला वाटलं होतं, ते लगेच हो म्हणतील. पण त्यांनी चष्मा चढवून डिमरसोबतचा कागद वाचला आणि त्या रिकाम्या टोकावर बोट ठेवलं. ते टोक दुसरीकडच्या बटणासाठीच होतं! पुढचं काम तासाभराचं. दोन्ही बोर्ड एकाच एमसीबीवर आहेत ना, हे आधी तपासलं. वरचं टू-वे बटण काढून तिथे एक वायर थेट दिव्याच्या वायरीला जोडून टाकली. आता डिमर आणि दिवा यांच्यामध्ये कुणी नाही. मी बुजवलेली चारी मोकळी झाली, ती डिमरच्या त्या रिकाम्या टोकात गेली. तिच्या वरच्या टोकाला बेलसारखं दाबून सोडायचं बटण बसलं. आता ते बटण वीज तोडत नाही, डिमरला फक्त निरोप देतं. एकदा दाबलं की चालू किंवा बंद. दाबून धरलं की उजेड कमी-जास्त.

आईच्या पलंगापाशी तिसरं बटण हवं होतं. जुन्या पद्धतीत त्यासाठी दोन बटणांच्या मध्ये चार टोकांचा इंटरमीडिएट स्विच लागतो आणि भिंत फोडून दोन्ही वायरी तिथपर्यंत न्याव्या लागतात. आम्ही बॅटरीवर चालणारं वायरलेस बटण चिकटवलं. काकांची अट एकच, 'हे वरकड. याची बॅटरी संपली तरी भिंतीतल्या दोन बटणांनी दिवा लागला पाहिजे.' मग राउटर बंद करून पाहिला, दोन्ही बटणं चालली. मेन बंद करून चालू केला, तरीही चालली. वेळापत्रकातून अकराचं 'बंद' मी स्वतः काढलं. आता रात्रभर दहा टक्के उजेड असतो.

तुम्हीही असलं काही करणार असाल, तर अनुभवाचे बोल ऐका. बल्बवर 'डिमेबल' लिहिलंय का बघा, दुसऱ्या बटणासाठी टोक आहे का बघा आणि वायरींना वायरमनलाच हात लावू द्या. माझ्यासारखं व्हिडिओ बघून हिरो होऊ नका. आणि सगळं झालं की घरातल्या सर्वांत कमी टेक-सॅव्ही माणसाला मोबाईल न देता जिन्यावर उभं करा. त्यांना दिवा लावता आला, तरच काम झालं.

आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. 'मीच एक पायरी कमी मोजली,' म्हणाली. हे ऐकण्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

प्लास्टर निघाल्यानंतरच्या शुक्रवारी एसटी उशिरा पोचली. साडेअकरा झाले होते. फाटक हळूच लावलं, दार उघडलं, जिन्यावर मंद उजेड होता. तो वाढवावा म्हणून खालचं बटण दाबलं, तर दिवा क्षणभर विझला आणि लगेच पुन्हा लागला. वरून आईचा आवाज आला,

'तू दाबलंस की मी?'