एका माणसापुरतं आकाश

विमान म्हणजे शेकडो माणसांना पोटात घेऊन जाणारा प्राणी, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की एकाच माणसापुरतं विमान थोडं आपमतलबी वाटतं. मला ते सायकलच्या जातीचं वाटतं. कुठं पोचायचं, हा त्यात प्रश्नच नाही.

आंरी मिन्ये हा फ्रेंच गृहस्थ मूळचा रेडिओवाला. उडण्याचं वेड जुनं, पण हातांनी पंखांचा तोल आणि पायांनी सुकाणू, दोन्ही एका वेळी सांभाळणं त्याला जमेना. दुसरा कुणी नाद सोडून घरी बसला असता. यानं विमानच बदललं. पायांचं काम काढलं, पंखांच्या टोकांच्या हलत्या फळ्याही काढल्या. एकामागे एक असे दोन पंख ठेवले. स्टिक डावी-उजवीकडे केली की सुकाणू वळायचं; मागे ओढली की पुढचा अख्खा पंख कलायचा आणि नाक वर यायचं. एवढंच. पंखांचा पसारा सहा मीटर, इंजिन मोटरसायकलचं, 17 अश्वशक्तीचं. नाव ठेवलं ‘आकाशातली ऊ’! त्याच्या आराखड्यांत हिचा क्रमांक चौदावा. आधीच्या तेरांबद्दल फारसं कुणी बोलत नाही; मला त्यांचंच जास्त कौतुक आहे.

1933 च्या सप्टेंबरात ऊ उडाली. पुढच्या वर्षी मिन्येनं आकृत्यांसकट सगळी कृती पुस्तकात छापून टाकली. सुतारकामात बरा हात असलेल्या कुणालाही ती जमावी, ही त्याची खात्री. मग फ्रान्स-इंग्लंडातल्या शेडांमध्ये सरस, प्लायवूड आणि कापड यांचा संसार मांडला गेला. उडायला फक्त पैसेवाल्यांनीच का शिकावं, हा त्यामागचा रोख मला फार आवडतो. 13 ऑगस्ट 1935 ला मिन्ये स्वतः ऊ घेऊन इंग्लिश खाडी ओलांडून गेला.

आणि मग माणसं मरू लागली.

ऊ एकदा जास्त खाली झुकली की वर यायचीच नाही. 1936 मध्ये फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये फार्नबरोला हवेच्या बोगद्यात तिची तपासणी झाली, तेव्हा कारण सापडलं. दोन्ही पंख फार जवळ होते. पुढचा पंख कलवला की त्यांच्यामधल्या फटीतून वाहणारी हवा मागच्या पंखालाही जोरात उचलायची, आणि शेपटी वर गेल्यामुळे नाक खालीच राहायचं. म्हणजे घाबरलेला वैमानिक पुस्तकात सांगितलं तेच करत होता, स्टिक मागे ओढत होता. हे वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटवेना.

इंग्लंडात परवाने थांबले. मिन्येनं रचना दुरुस्त केली, आणि 1965 मध्ये मरेपर्यंत नवे आराखडे काढत राहिला. त्याच्या कल्पनेत खोट नव्हती, असं माझं मत आहे. त्याची घाई झाली: बोगद्याच्या आधी छापखाना गाठला. दुरुस्त रचनेच्या उवांचे वंशज फ्रान्समध्ये आजही उडतात, बरेचसे घरीच बांधलेले.