रुतलेली होडी

मी त्या वेळी सातवीत होतो. आमचे घर नव्या मुंबईतील सीवूड्स येथे होते. गच्चीवरून पाम बीच मार्गापलीकडची खाडी दिसे. भरतीच्या वेळी ती समुद्रासारखी अफाट भासे. पण सहा तासांनी पाहावे, तो पाणी दूर गेलेले आणि करड्या चिखलाचे मैदान उघडे पडलेले! हिवाळ्यात त्या मैदानावर एक गुलाबी रेघ उमटे. ती रेघ म्हणजे हजारो रोहित पक्षी. त्यांना जवळून पाहण्याचा मला ध्यास लागला होता.

होळीनंतर दोन दिवसांनी मामांनी माझा हट्ट पुरवला. करावे गावातील एका वृद्ध तांडेलाची होडी ठरली. त्यांना सारे नाना म्हणत. “आज वद्य द्वितीया, दीड वाजता भरती पुरी होईल. तीनला परत फिरायचे,” ते म्हणाले. मला नवल वाटले. तेव्हा नानांनी हिशेब सांगितला : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, साधारण तितक्या वाजता आपल्या किनाऱ्यावर भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भरती चंद्रामागे चालते. म्हणून ती रोज सुमारे 50 मिनिटे मागे सरते.

तिवरांच्या कडेकडेने आम्ही निघालो. नाना बांबू पाण्यात टेकवून खोली अजमावत होते. तीन वाजले, तरी पक्षी दूरच होते. कारण उघड होते. रोहित पक्षी चोच उलटी करून उथळ पाण्यातील शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. पाणी ओसरेल तेव्हाच ते जवळ येणार. आणि पाणी ओसरले की होडीची वाट बंद होणार!

“नाना, थोडा वेळ थांबा ना!” मी विनवले. नानांनी आकाशाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ते थांबले. थोड्या वेळाने मी पुन्हा विनवले. साडेचारच्या सुमारास पक्षी खरोखरच जवळ आले. त्यांचे पंख उघडताच आतला लाल रंग झळकला. मी देहभान विसरलो. इतक्यात होडीचा तळ चिखलाला घासला आणि ती जागीच थांबली.

मी होडी ढकलण्यासाठी उडी मारणार, तोच नानांनी माझा दंड घट्ट धरला. “कमरेपर्यंत रुतशील, पोरा! आता पाणी परत येईल तेव्हाच सुटका.”

मामांनी घरी फोन केला. अंधार पडला. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या, चिंबोऱ्या बिळांतून डोकावत होत्या. नानांनी आपल्या डब्यातील भाकरीचे तीन वाटे केले. त्यांच्या बोलण्यातून कळले, की त्या रात्री त्यांना मासेमारीला जायचे होते. ती खेप आता बुडाली होती. माझा घास घशातच अडकला.

“नाना, माझ्यामुळे तुमचे नुकसान झाले,” मी कसाबसा म्हणालो.

नाना शांतपणे म्हणाले, “तू मागितलेस, ते तुझ्या वयाला शोभले. पण सुकाणू माझ्या हाती होते. नाही म्हणायचे काम माझे होते.”

चंद्र वर आला. रात्री अकराच्या सुमारास पाणी चढले आणि होडी हळूच हलली.

पुढे 2015 साली ऐरोली ते वाशी या पट्ट्यातील खाडी रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि 2022 साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा मान मिळाला. आता मी मुलांना सहलीला नेतो. मुले विनवतात, “सर, अजून थोडा वेळ!” त्यांचे डोळे पाहून मन विरघळते. पण मी बोटांवर तिथी मोजतो आणि सांगतो, “नाही. आता परत फिरायचे.”